परत करण्याची मुदत

खोका उघडला तेव्हा आधी वास आला,
रिक्षाच्या नव्या सीटसारखा.
वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर: तीनशे दहा ग्रॅम,
म्हणजे मध्यम बांगडे तीन.
आईने काटा लगेच पुसून ठेवला.

मी वहीत लिहिते. सवय आहे.
पंखा घेतला तेव्हाही लिहिलं होतं
कितीवर ठेवला की कसा कुरकुरतो.
हेडसेट सात दिवसांत परत करता येतो,
आणि साडेचार हजार म्हणजे
कुडचड्याच्या झेरॉक्सच्या दुकानातले माझे पंधरा दिवस.

पहिली रात्र.
डोक्यावरची पट्टी बसते, टोचत नाही.
चष्म्याची दांडी मात्र कानामागे रुतते,
दीड तासानंतर खेळातला शत्रू कमी
आणि स्वतःचं हाड जास्त जाणवतं.
गाद्या खोल, कुड्यांसकट कान मावतात.
घाम येणारच, मे महिना आहे.
अकराला काढला तेव्हा
दोन्ही गालांवर ओल्या बशीची खूण.

दुसरी रात्र, आवाज.
बंदुका सगळ्यांनाच जमतात, त्या मी धरत नाही.
मी पावलं धरते.
वाळूवरची, पत्र्यावरची, पाण्यातली,
वरच्या मजल्यावर कुणी गुडघा टेकला तर तो टेकलेला गुडघा.
डावीकडून कुणी आलं की मान आपोआप वळते,
आणि तिथे आमचं कपाट असतं.
खर्ज जरा सुजलेला,
शिमग्यातल्या ढोलासारखा दारात उभा राहतो,
बाकीच्यांना आत येऊ देत नाही.
पण शांतता चांगली. काही वाजत नसताना
खरंच काही वाजत नाही.
याला दहापैकी नऊ.

तिसऱ्या रात्री बाबा जागे होते.
सव्वीस वर्षं बार्जच्या इंजिनखोलीत,
सावर्डे ते मुरगाव, मुरगाव ते सावर्डे,
खाली डिझेल, वर खनिजाचा लाल ढीग,
त्यामुळे नदी त्यांनी फारशी पाहिलेली नाही.
मी म्हटलं, बसा,
चाचणीला दुसरं डोकं हवंच होतं.
पावलं ज्या बाजूने येतील तो हात वर करा.

उजवा. बरोबर.
उजवा. बरोबर.
डावीकडून एक माणूस पत्र्यावरून धावत गेला.
दोन्ही हात मांडीवर.
मी त्याला पुन्हा धावायला लावलं, आवाज वाढवला.
हात मांडीवर, नखांत अजून ते काळं.
"दावें बंद आसा गो," बाबा म्हणाले,
"फसयलें तुका. परत कर."

मी हेडसेट उलटा घातला,
डावी गादी उजव्या कानावर.
तोच माणूस, तोच पत्रा.
उजवा हात वर.

मग मी वायर काढली,
पुढची चाचणी, असं काहीतरी पुटपुटत.
बाबांनी मान जराशी कलती केली,
इंजिनखोलीत करत असतील तशी.
"दाव्यान पावलां ना," ते म्हणाले,
"इंजीन तेवढें आसा. बारीक."

वायर माझ्या हातात होती.

आई दारात होती, कधीपासून कोण जाणे.
आई जेवताना त्यांच्या उजवीकडे बसते.
बसमध्ये खिडकी सोडून उजवीकडे.
लग्नाच्या मांडवात लोकांना उठवून उजवीकडे.
मला वाटायचं, पंख्याचं वारं.
ती एवढंच म्हणाली, "कढी निवतेय."

वहीत एक रकाना उरलाय: डावी बाजू.
मुदतीचे चार दिवस आहेत.
कढी निवली. बाबा खुर्चीतच झोपलेत,
हेडसेट काढायचा राहून गेलाय,
वायर जमिनीवर, कशालाच न जोडलेली.
चष्मा नसेल तर रुतत नाही,
हे लिहून ठेवलं.
मग खुर्चीला वळसा घालून पलीकडे गेले,
उजवी गादी बोटभर उचलली
आणि हाक मारली.