रात्रपाळी

पोटावर गार, चिकट काहीतरी फासून
पोरीनं यंत्र फिरवलं. म्हणाली, श्वास धरा.
धरला.
लातूरच्या मोंढ्यात सतरा वर्षं राखण केली,
श्वास धरून ऐकायची सवय आहे.

रिपोर्टात चरबी निघाली, ग्रेड दोन.
म्हटलं, साहेब, बापजन्मात थेंब घेतला नाही.
बिडवे डॉक्टर म्हणाले, दारूचं नाही, मुंजाजी,
रात्री काय खाता ते सांगा.

काय खातो?
बाराला चहा, अडीचला चहा, वरून एक चमचा साखर,
गाड्यावर उरलेले वडे, चारला खारी.
झोप येऊ नये म्हणून खातो,
भूक कुठं असते त्या वक्ताला.

त्यांनी पॅडवर काळीज काढलं.
छातीतलं नव्हे,
खाटकाकडं कलेजी म्हणून मिळतं ते.
म्हणाले, ह्यात आपले राखणदार असतात,
जन्मभर तिथंच मुक्कामाला,
आतड्याकडून आलेलं चोरचिलट टिपणारे.
चरबीची थप्पी चढत गेली की बावरतात.
सावलीवर काठी घालतात,
शिट्टी मारून बाहेरचे गडी बोलावतात.
चोर नसतोच.
मार घरच्यांना बसतो, आणि वण धरतो.

मी मान खाली घातली.
डॉक्टरला वाटलं, घाबरला.

तुरीची आवक फार होती त्या साली,
पोत्यांतून वाट उरली नव्हती.
मागं काही हललं नि मी काठी घातली.
किशन हमालाचा धाकटा निघाला,
बापाची वाट बघत झोपलेला. आठ वर्षांचा.
आता आडतीवर काटा करतो,
मामा म्हणतो मला.
बाह्या कधी दुमडत नाही.

सत्यभामा काही बोलली नाही.
साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला.
रात्रीच्या डब्यात ज्वारीची भाकरी,
अंबाडीची भाजी, कागदात कारळाची चटणी.
एकदम उपास करू नका, डॉक्टरनं बजावलंय,
वजन हळूहळू उतरू द्या,
उपाशी राखणदार धड नसतो.

दिवाळीनंतर परत तपासणी आहे.
काय निघंल ते निघंल.

काल अडीचच्या सुमाराला
हरभऱ्याच्या थप्पीमागं खुडबुडलं.
हात काठीकडं गेलाच.
मग बॅटरी लावली आधी.

मांजर होती, गाभण.
पोत्यावर पसरलेली,
उजेडात डोळे बारीक करून
माझ्याकडं बघत राहिली.