हलगी थांबवा

माळेगावच्या माळावर बारा वर्षांनी फक्की पडली.
पोरांनी बाभळी तोडल्या, खुंट तेवढे राहिले.

खाजाभाईची कुम्मैत घोडी गंगाखेडाहून टेम्पोतून आली.
तिच्या आजीनं इथंच ढाल मारलेली.
हिनं नुसते नवरदेव वाहिले,
जनरेटरच्या उजेडात, हजार रुपये रात्र.

हलगी कडाडली. बाकीच्या सुटल्या.
ही रेघेवरच नाचायला लागली,
पुढचा पाय उचलून, मान वाकवून,
शिकवलं तसं.

माळ हसला.
"अरे हलगी थांबवा!"

मग नुसता वारा.
तिचे कान मागं झाले
आणि रेघेवर धूळ उरली.

शेवटून दुसरी आली.
खाजाभाईनं गळ्यातल्या रुमालानं
तिचा फेस पुसला,
आणि ढाल घेऊन निघालेल्याला गाठून
हळूच विचारलं,
"ह्याचा बाप कुनाकडं हाय?"