ग्लेनिसचं घोसाळं

पहिल्यांदा मी ते काकडी समजून आणलं,
लानेलीच्या बाजारातून, एका पौंडाला तीन.
कोशिंबीर केली, दाण्याचं कूट, वरून हिंगाची फोडणी.
ह्यांनी एक घास घेतला, थांबले,
म्हणाले, काकडीला बरं नाहीये का?

कुंपणापलीकडे ग्लेनिस हसून हसून खोकली.
वय सत्त्याहत्तर, पायात गमबूट,
टिनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले हात.
अगं, हे कूर्झेट. (माझी अमेरिकेतली नणंद ह्यालाच झुकिनी म्हणते.)
घेताना वीतभर घे, थोराड नको.
नख टेकव, साल लगेच फाटली तर कोवळं.
धुऊन ठेवू नकोस. कागदात गुंडाळ,
फ्रिजच्या खालच्या खणात चार दिवस.
पाचव्या दिवशी ते रुसतं.

ही भाषा मला येत होती.
भेंडीचं शेपूट मोडल्याशिवाय
पाव किलोसुद्धा न घेणारी माणसं आम्ही.

मग जुलै आला, आणि तिची तीन झुडपं पेटली.
रोज सकाळी दाराच्या कडीला पिशवी.
मी पीठ पेरून केली. पाणी नाही घालायचं,
ते आपलं आपण सुटतं, मीठ अगदी शेवटी.
किसून, पिळून थालीपीठ लावलं,
पिळलेल्या पाण्यातच भाजणी भिजवली.
भजी तर दोनदा.
नंतर नंतर दार उघडायची भीती वाटू लागली.
आज त्याला सुट्टी दे, हे म्हणाले.

साताऱ्याहून जाऊबाईंनी फोटो पाहून निकाल दिला:
घोसाळंच की गं ते, नुसती दाढी केलेलं.

ग्लेनिसला शब्द आवडला. पण जमेना.
घोसालम. घोसारा.
जीभ मागे वळव, टाळूला टेकव, आणि पडू दे, मी म्हटलं.
ती म्हणाली, मग तू माझ्या गावाचं नाव घेऊन दाखव.
जीभ दातांमागे ठेव, वारा दोन्ही बाजूंनी सोड,
मांजर फिसकारतं तसा.
बारा वर्षं मी इथे राहते,
बिलं भरते, पाकिटांवर पत्ता लिहिते,
आणि गावाला रोज चुकीच्या नावानं हाक मारते.
कुंपणाच्या दोन बाजूंना दोन बायका,
एक फिसकारतेय, एकीची जीभ टाळूला.
पोस्टमन पत्र न देताच पुढे गेला.

ऑगस्टात तिच्या खुब्याचं ऑपरेशन.
फाटकाची किल्ली माझ्याकडे. रोज तोड, नाहीतर माजतात.
मला तीन दिवस लागोपाठ डबल पाळ्या,
चौथ्या दिवशी पान उचललं, तर खाली
माझ्या पोटरीएवढं एक, निवांत पडलेलं.
आता त्याला कूर्झेटही म्हणत नाहीत, ते मॅरो झालं.
शरमेनं ते पिशवीत घालून मी दवाखान्यात गेले.

तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.
औषधांनी जड झालेल्या जिभेनं,
घाई न करता म्हणाली: घोसाळं.
ळ नेमका. साताऱ्यातसुद्धा चालला असता.
नर्सनं विचारलं, ही कुठली भाषा?
वेल्श, ग्लेनिस म्हणाली, आणि डोळे मिटले.

एवढं मोठं भाजीला चालत नाही.
मधला गाभा काढून टाकला, बाकीचं किसलं,
मिरची, जिरं, हिंग, भिजवलेली डाळ वाटून
सांडगे घातले.
उन्हाची वाट दोन दिवस पाहिली.
मग ताट रेडिएटरवर ठेवलं, ऑगस्टात हीटर लावला,
ह्यांनी मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
गप्प राहिले.

गावाचं नाव अजून नीट येत नाही.
पण परवा बसच्या ड्रायव्हरनं
पुन्हा विचारलं नाही.
ती येईल गुरुवारी. सांडगे वरून वाळलेत,
पालथे घालायचे राहिलेत.