मुलींचा डबा

बाईंनी फळ्यावर फक्त शब्द लिहिला, स्त्रीवाद,
आणि खडू ठेवून दिला.
समान हक्क, पुरुषसत्ता, सक्षमीकरण,
हे तीन शब्द न वापरता
एक वाक्य आणा गुरुवारी, म्हणाल्या.
तुमचं स्वतःचं. पुस्तकातलं चालणार नाही.
निम्म्या वर्गाचं पाठांतर तिथंच वाया गेलं.
माझंही.

नव्या पेठेत आमची खोली, दोन कॉट, एक खिडकी,
खाली झेरॉक्स, वर अभ्यासिका,
तिथं रात्री दोनलाही कुणीतरी पंचायत राज घोकत असतं.
मी वही उघडली. तारीख टाकली. समास आखला.
तमन्ना म्हणाली, मला विचार,
माझ्याकडे वाक्यंच वाक्यं आहेत.
मग बराच वेळ तीही
नखांवरचा रंग खरवडत बसली.

साडेअकराला भूक लागली.
रोजच लागते. दोन वर्षं लागतेय.
बिस्किटांचा पुडा फोडला आणि सहज,
अगदी सहज, हिशोब केला:
शेवंताकाकूंकडे महिन्याचे तीन हजार,
मुलांच्या डब्यात पाच पोळ्या,
मुलींच्या डब्यात तीन.
पैसे सारखेच.

हे कुणी लपवलेलं नव्हतं.
जिन्याखाली पाटीच होती, निळ्या खडूनं, ठळक.
दोन वर्षं मी तिच्यासमोर रांगेत उभी राहिले
आणि सुट्टे पैसे मोजले.

सकाळी आईला फोन लावला, जिंतूरला.
तू किती भाकरी खातीस गं?
"मोजल्या नाहीत कधी."
आणि बाकीच्यांच्या?
"त्या मोजते की. म्हणून तर कमी पडत नाहीत कुणाला."
मग जरा थांबून,
"का, तिकडं जेवण बरं नाही का?"
बरं आहे, म्हटलं.

गुरुवारी उभी राहून वाचलं:
मला भूक लागते.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
बाई म्हणाल्या, पुढे?
पुढे मी पाटीचं सांगितलं.
तेव्हा निहाल कोतवाल, जो वर्षभर बोलला नव्हता,
म्हणाला, मीही त्याच मेसचा.
मला पाच जात नाहीत.
दोन मी रोज म्हात्रे पुलाजवळ कुत्र्यांना घालतो.
त्याचे कान लाल झाले.
त्याच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं,
पण त्याला त्या कुत्र्यांची नावंही माहीत होती.

चिडली ती तमन्ना, नंतर, चहाच्या टपरीवर.
दोन पोळ्यांवर थांबलीस?
माझा भाऊ दर खेपेला बार्शीपासून माझ्यासोबत एसटीत बसतो,
स्वारगेटला मला रिक्षात बसवतो
आणि त्याच पावली परत.
प्रेमानं येतो. खिडकीची जागा मला देतो.
नको येऊस म्हणायला तोंड नाही मला,
आणि एकदा एकटीनं यायचंय, नुसतं, झोपत झोपत.
हे बसव तुझ्या एका वाक्यात.

मला बसवता आलं नाही.
तिनं कोरी वही दिली होती.
बाईंनी तिच्यावरही सही केली.

संध्याकाळी काकूंकडे गेले. पाच द्या, म्हटलं.
काकूंनी वर पाहिलं, हाताला पीठ, भुवईला पीठ.
"पोरी उरवतात गं. वजन वाढतं म्हणतात."
मी नाही उरवत.
"मग आधी का नाही बोललीस?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजून नाही.
त्यांनी दोन जास्त ठेवल्या,
झाकण तळव्यानं दाबून बसवलं.
पाटी पुसली नाही.

खोलीवर येऊन जेवले. चौथी गेली.
पाचवी जाईना.
मधोमध दुमडलेली ती डब्याच्या तळाशी,
आणि मी तिच्याकडे बघत.
परत गेली असती तर काकू म्हणाल्या असत्या,
बघ, सांगितलं नव्हतं?
म्हणून लोणच्याशी, सावकाश,
पोट भरलेलं असताना
खाल्ली.

रात्री पोट दुखलं.
तमन्ना अंधारात ओवा शोधत होती,
हसत, शिव्या देत.