द्यावा, देतील

रात्रीचे दोन. कफ परेडचं हॉटेल, चौदावा मजला,
एकेचाळीस देश आणि मी.
मी म्हणजे भाषा संचालनालय, अनुवादक, वर्ग दोन.
घरी सांगून आलेय, जेवायला थांबू नका.

यांचं एकमत झालं की मसुद्याची मराठी प्रत करायची,
सकाळी नऊच्या आत.
एकमत होत नाहीये.

पडद्यावर परिच्छेद सात:
चौकटी कंसात चौकटी कंस,
आत कुठेतरी एक वाक्य, श्वास कोंडलेलं.

कोळसावाले खिडकीपाशी, आपले साहेब त्यांच्यातच.
तेलवाल्यांचा गृहस्थ डोळे मिटून बसलाय,
'टप्प्याटप्प्याने' हा शब्द आला की मात्र टक्क जागा.
डोंगरातून आलेला किस्पे पेन्सिलीला टोक काढतोय, मघापासून तीच पेन्सिल.
आणि बेटांच्या वतीने टेरेसियाबाई,
एसी सोसत नाही म्हणून खांद्यावर हॉटेलचा टॉवेल.

आमच्या सोसायटीची गच्ची गळते
तेव्हा सातव्या मजल्यावरचे म्हणतात,
गच्ची सगळ्यांची, वर्गणी सगळ्यांची.
गच्चीवर खोली कोणी चढवली
हा विषय इतिवृत्तात येत नाही.
इथे जमलेत ते सगळे खालच्या मजल्यांचे.
वरच्यांशी गाठ पुढच्या महिन्यात, परदेशात.
आज फक्त ठरवायचंय, कुठल्या तोंडाने मागायचं.
त्यातही दुसऱ्या मजल्याला पहिल्याची ओल
जरा अतिशयोक्त वाटते.

बस्त्याव चहा आणतो, चौथी फेरी.
वसईचा. रात्रपाळीला तोच असतो.
माझ्या कानाशी म्हणतो, तळघरात पंप लावलाय, उधाण आहे आज.
गाड्या वर काढायला सांगितल्यात.
आपल्या साहेबांची गाडीसुद्धा.

तीन वाजता सगळे कंस सुटतात, एक सोडून.
श्रीमंत राष्ट्रांनी निधी द्यावा,
की श्रीमंत राष्ट्रे निधी देतील?

टेरेसियाबाई माझ्याकडे वळतात,
तुमच्या भाषेत यात फरक आहे?

आहे, बाई.
गिरगावच्या शाळेत आंबर्डेकरबाईंनी पट्टी आपटून शिकवलाय.
'राष्ट्रांनी निधी द्यावा', विध्यर्थ.
इथे क्रियापद निधीपुढे वाकतं,
त्याचं लिंग, त्याचं वचन सांभाळतं,
राष्ट्रांकडे ढुंकूनही बघत नाही.
राष्ट्रं 'नी' लावून बाजूला उभी, हात खिशात.
'राष्ट्रे निधी देतील' म्हटलं
तर क्रियापद थेट त्यांच्या गळ्यात.
आणि या दुसऱ्या रूपाला आमच्या व्याकरणात काय म्हणतात माहीत आहे?
स्वार्थ.

त्या हसल्या नाहीत. टॉवेल नीट केला.
म्हणाल्या, मग आम्हाला तोच हवा.

मग पुन्हा सगळे बोलले.
कोणी म्हणालं, एवढं ताणलं तर तुटेल.
कोणी म्हणालं, तुटायला आधी जुळलेलं असावं लागतं.
आपले साहेब पाणी पीत राहिले.
त्यांना उद्या कोणी हाच प्रश्न आपल्यालाही विचारेल,
ही भीती मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती.

चार वीसला ठरलं. द्यावा.
टाळ्या वाजल्या, थकलेल्या, दमट.
किस्पेने पेन्सिल खिशात ठेवली.
टेरेसियाबाईंनी सही केली, सगळ्यांच्या शेवटी,
आणि तारीख दोनदा लिहिली, पहिली चुकली होती.

खाली मच्छीमार नगरात दिवे लागलेले.
कोणीतरी होडीतून पाणी उपसत होतं, डब्याने, न मोजता.
पंप थांबला, बस्त्याव म्हणाला. ओहोटी लागली.

मी मराठी प्रत केली.
वाचून काढताना सापडलं,
परिच्छेद सातमध्ये माझ्या हातून 'देतील' पडलंय.
तपासायला कोणी नव्हतं. नऊला पाच कमी होते.

मी ते दुरुस्त केलं.
बोट जरा थांबलं होतं कळीवर.
इतिवृत्तात हे येणार नाही.