लोकेश, कोणता गेम टाकू विचारलंस म्हणून

नवीन फोन घेतलास आणि विचारलंस,
मामा, विटा फोडायचा चांगला गेम कोणता?
बरोबर माणसाला विचारलंस, भो.
चोवीस वर्षं पांझरेकाठच्या भट्टीवर
मी विटांचाच हिशेब लिहिला.
पक्क्या किती, पिवळ्या किती, फुटीर किती.

आधी सगळ्यात जुना घे. ब्रेकआउट.
त्यात काहीच नाही. एक फळी, एक चेंडू, वर रंगीत भिंत.
चेंडू छताला लागला की फळी निम्मी होते,
तुला वाटेल आपलं काही चुकलं. चुकलेलं नसतं.
एका कडेने बोगदा पाड.
चेंडू एकदा भिंतीमागे गेला की हात सोडून बघत बस,
तिकडे तो एकटाच धिंगाणा घालतो,
जेवणावळ उठल्यावर मांडवात पोरं घालतात तसा.

मग अर्कनॉइड.
हा मी एस्टी स्टँडसमोर खेळलो,
सुपडू चौधरीच्या अंधाऱ्या खोलीत, रुपयाला एक डाव.
चांदीची वीट एका फटक्यात जात नाही.
सोन्याची फुटतच नाही.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
चार रुपये घालवले मी तिच्यावर,
त्यातले दोन दळणाचे.

डीएक्स-बॉल.
ह्याच्याबद्दल जरा बस, सांगतो.
शेठने भट्टीच्या खोलीत कॉम्प्युटर आणला तेव्हा
तो हिशेबासाठी होता.
मे महिना, पत्रा तापलेला, पंखा नुसताच गरगरणारा,
मी फोडत बसलेलो.
दारात धुरपाबाई उभी. उचल मागायला आलेली.
"काय करी ऱ्हायनात मुनीमजी?"
बघितलं तिने बराच वेळ.
"येवढ्या इटा फोडी टाक्यात?
एक थापाले किती येळ लागस, माहीत शे का?"

मला माहीत होतं. हजारी भाव मीच लिहायचो.

उठून मी खुर्ची दिली.
तिने हाताची राख पदराला पुसली,
माउस असा धरला की उंदीरच आहे, पळेल.
पहिला चेंडू गेला. दुसरा गेला.
तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं,
ती चेंडूकडे बघतच नाही.
तो पडणार तिथे बघते.
अकरा वर्षं ट्रकवर उभी राहून
खालून फेकलेल्या विटा झेलणारी बाई,
दोन-दोन, उन्हाकडे तोंड करून.
तिला मी काय शिकवणार होतो.
वरून कवटी पडायला लागली की
"ही नको वं माय" म्हणत बाजूला सरकायची.
चौदाव्या पायरीला पोचली. मी कधी नववी ओलांडली नव्हती.

मग शेठच्या गाडीचा आवाज आला.
उचल न घेताच गेली ती थरावर.
जाताना म्हणाली, "मन्हा डाव तसाच ठेवा."

संध्याकाळी लाइट गेली.
दुसऱ्या दिवशी तिने दारातून नुसतं बघितलं,
मी म्हटलं, ठेवलाय.
त्या हंगामात पुन्हा तिला वेळ झाला नाही.
पुढच्या हंगामात ती टोळी नंदुरबारकडे गेली.

असो. नव्यातलं सांगायचं तर
पम्याच्या कॉम्प्युटरवर शॅटर असेल, तो बघ.
चेंडूला ओढता येतं, ढकलता येतं, फुंकल्यासारखं.
मला ती लबाडी वाटते, तुला आवडेल.
फोनवर विटांवर आकडे असलेले शंभर प्रकार आहेत,
चेंडूंची नुसती रांग सुटते.
बँकेत नंबर लागेपर्यंत ठीक.
नेट बंद करून खेळ, म्हणजे जाहिराती येत नाहीत.

आणि कुठलाही घे,
शेवटी एक वीट राहतेच, वरच्या कोपऱ्यात,
चेंडू तिला सोडून गावभर फिरतो.
तेव्हा चिडू नको. मधोमध घेऊ नको.
फळीच्या अगदी टोकाने घे.

धुरपाबाई टोकाने घ्यायची.