लाभ

खानापूर रोडच्या सवलतीच्या दुकानात कुणीही जावं.
दारात पिशवीला प्लास्टिकची गाठ मारतात, बस्स.
साखर तिथं पंचेचाळीसची बेचाळीस,
आणि त्या तीन रुपयांच्या मागं जाऊन मी आणलेले
दोन डबे, एक पायपुसणं, आणि ते हिरवं काहीतरी
ज्याचं झाकण मला अजून उघडलेलं नाही.

हायवेला लागून, काकतीच्या अंगाला, ते दुसरं.
तिथं कार्ड लागतं.
माल छपरापर्यंत, छप्पर कुठं ते दिसत नाही,
माणसं थोडी, तीही गाडा ढकलताना गप्प,
बँकेत आल्यासारखी.
सुटं काही नाही. साबण म्हणजे बहात्तर.
जिरं म्हणजे पाच किलो.
दोघांच्या घरात पाच किलो जिरं,
आपल्या मागंही उरेल, मी म्हटलं.
हे हसले नाहीत.

कार्डावर फोटो यांचा, नाव मात्र दुकानाचं:
कंग्राळकर किराणा, वडगाव. खाली आठ आकडे.
दुकान मिटून तीन वर्षं झाली.
खानापूर रोडवालं आलं तेव्हा निम्मं गेलं,
हायवेवालं आलं तेव्हा उरलेलं.
शटरच्या आत आता एक पोरगा मोबाईलच्या काचा बदलतो,
खरं कार्ड चालतं.
दारावरचा वॉचमन म्हणतो, बर्री सावकार्र,
आणि हे, ज्यांना तीन वर्षांत
गल्लीत कुणी सावकार म्हटलेलं नाही,
कॉलर नीट करून आत जातात.

वीजबिलाच्या मागं मी मांडलेला हिशेब:
तेल, इथं पाउच एकशे अडतीस,
तिथं पंधराचा डबा, लिटरला एकशे एकोणतीस.
पंधरा नवे पस्तिसासे.
रिक्षा जाऊन-येऊन एकशे ऐंशी.
म्हणजे आम्ही स्वस्तात
पंचेचाळीस रुपये महाग.
कार्डाचे वर्षाचे पाचशे मी धरलेच नाहीत.
ते कशाचे, हे मला ठाऊक आहे.

भिंतीपलीकडून गंगव्वा म्हणाली,
"एकटंच काय जाऊलालाय? आमालाबी आणा की पाच लिटर."
मग फिलोमिना. मग कोपऱ्यावरचे मुल्ला,
त्यांच्या सुनेचं बाळंतपण, त्यांना तूप.
चार घरांची यादी झाली, अर्धी कानडीत,
ती यांनी न अडखळता वाचली.
उधारीची वही दोन्ही भाषांत असायची.

शनिवारी माळ्यावरून तराजू उतरला.
मापांवरचा सरकारी शिक्का केव्हाच मुदतीबाहेर.
पारड्याची साखळी मी चिंचेनं घासली,
पडवीत पोतं फुटलं,
आणि हे पाटावर बसले
तसे, जसे दुकानात बसायचे, एक गुडघा वर.

तांदळाचं पहिलं माप ओतताना म्हणाले, लाभ.
एक नाही म्हणायचं. लाभ, मग दोन, मग तीन.
गंगव्वानं पदर पुढं केला होता. ती थांबली.
"आमच्यातबी तसंच. लाभ, एरडु, मूरु."
दोघांनी एकमेकांकडं पाहिलं,
इतकी वर्षं शेजार,
हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

खानापूर रोडच्या बिलाखाली छापलेलं असतं
आज तुमचे एकशे बारा रुपये वाचले.
हायवेवाल्या बिलाखाली पॉइंट.
हा शब्द दोन्हींकडं नाही.

फिलोमिनाची मुलगी फोनवर भागाकार करत होती,
प्रत्येकी दोनशे सदुसष्ट पॉइंट तीन तीन.
हे म्हणाले, दोनशे पासष्ट दे.
आणि काटा सरळ आल्यावरही
प्रत्येकाच्या पिशवीत वरून एक मूठ.
मी कोपर मारलं. सवय म्हणाले.
दुकान असंच बुडालं, हे मी
मुल्लांसमोर बोलले नाही.

शेवटचा वाटा आमचा.
तो कमी भरला.
पाच किलो जिऱ्यातलं आमच्या बरणीत
चार बोटं, जेमतेम.

संपलं की खानापूर रोडला जाईन.
शंभर ग्रॅम आणायला.
पायपुसणं या वेळी नाही.
बहुतेक नाही.